मॅथ्यू मॉरी आणि खलाशांच्या वह्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी व्हर्जिनिया संस्थानात, फ्रेडरिक्सबर्ग शहराजवळ, ता. १४ जानेवारी १८०६ रोजी मॅथ्यू फाँटेन मॉरी याचा जन्म झाला. धर्मच्छळामुळे फ्रान्स देश सोडून आलेल्या ह्यूगेनॉ लोकांपैकी त्याचे पूर्वज होते. त्याचे आजोबा जेम्स मॉरी हे पाद्री व शिक्षक असून, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला टॉमस जेफर्सन हा लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकला होता. परंतु नातवाच्या वाट्यास विद्येचे हे वातावरण आले नाही. मॅथ्यू सुमारे पाच वर्षांचा असता त्याचे कुटुंब टेनेसी संस्थानात रान तोडून शेती करण्यास गेले. तेथे धडधाकट मुलाने नांगर धरावा, शाळेचे नाव काढू नये, अशी परिस्थिती होती. बाराव्या वर्षी तो एका उंच झाडावरून पडला, त्याच्या पाठीस जबर मार बसला आणि आता हा मुलगा शेतकामाच्या उपयोगी नाही असे ठरून वडिलांनी त्यास शाळेत घातले. ती फांदी मोडली नसती तर जगाला एक शेतकरी अधिक मिळाला असता, एवढेच.

त्याचा वडील भाऊ जॉन आरमारात अधिकारी होता. तो १८२४ साली पीतज्वराने वारला. एक मुलगा समुद्राने नेल्यावर दुसऱ्याने तीच वाट धरावी हे बापास कसे रुचावे? तथापि १८२५ साली, एकोणिसाव्या वर्षी, मॅथ्यूने आरमारातील मिडशिपमनची जागा मिळविली आणि वडिलांचा विरोध असताही घर सोडले. पुढील पाचसहा वर्षांत त्याने ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ही प्रदक्षिणा १८३० साली पुरी झाली, आणि अमेरिकेच्या युद्धनौकेने केलेली ती पहिलीच होय. जहाजावर शिक्षक होता, पण शिक्षण बेताचेच होते. म्हणून तोफेच्या गोळ्यांवर खडूने त्रिकोण काढून मॉरीने गोलीय त्रिकोणमितीची उदाहरणे सोडविली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. वहीला कागद नाही अशी तक्रार करणाऱ्या आमच्या काही विद्यार्थ्यांस ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

१८३१ साली ‘फाल्मथ’ या जहाजावर मार्गदर्शक अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नला वळसा घालून जावयाचे होते. त्या भागात वारे कोणत्या महिन्यात कोणीकडून वाहतात, प्रवाह कोठे नेतात, याविषयी काही छापील माहिती मिळेल म्हणून त्याने पुष्कळ शोध केला, परंतु हाती काहीच लागले नाही. शेकडो कप्तान त्या वाटेने गेले होते, आणि प्रत्येकाने आपले ज्ञान आपल्याबरोबरच नेले होते. ही उणीव मॉरीच्या मनात घर करून राहिली. १८३४ साली केप हॉर्नच्या मार्गावर त्याने एक निबंध प्रसिद्ध केला, १८३६ साली नौकानयनावर एक ग्रंथ छापला आणि त्याच वर्षी तो लेफ्टनंट झाला.

१८३९ साली ओहायो संस्थानात रात्रीच्या वेळी त्याची टपालगाडी उलटली आणि त्याच्या उजव्या पायाचा गुडघा मोडला. उपचार चांगले झाले नाहीत, महिनेच्या महिने अंथरुणात गेले, आणि अखेर पाय कायमचा अधू झाला. डोलणाऱ्या गलबतावर उभे राहणे आता शक्य नव्हते. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी एका दर्यावर्दीस समुद्र बंद झाला. या काळात आरमारातील गैरव्यवस्थेवर टोपणनावाने त्याने लेख लिहिले. ते इतके गाजले की, लेखकाचे नाव उघड झाल्यावर सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. १८४२ साली वॉशिंग्टन येथील नकाशे व उपकरणे यांच्या कोठाराचा तो मुख्य झाला.

त्या कोठारात युद्धनौकांच्या जुन्या नोंदवह्या धूळ खात पडल्या होत्या. जहाजावर रोजच्या रोज स्थळ, वारा, हवा, पाण्याचा ओढा इत्यादी लिहून ठेवण्याचा परिपाठ असे, आणि सफर संपली की त्या वहीकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. तो रद्दीचा ढीग मॉरीने उकलावयास घेतला. समुद्राचे लहान लहान चौकोन कल्पून, अमुक चौकोनात अमुक महिन्यात किती जहाजांना कोणता वारा लागला, हे त्याने सहकाऱ्यांकरवी एकेक ओळ वाचून मांडून काढले. एका कप्तानाच्या नोंदीत चूक असू शकते, त्याची गाठ एखाद्या अवचित वादळाशी पडली असेल. परंतु शंभर कप्तानांच्या नोंदी एकावर एक ठेविल्या म्हणजे त्यांतून समुद्राचा नित्याचा स्वभाव दिसू लागतो. या खटाटोपातून १८४७ साली उत्तर अटलांटिक महासागराचा वारे व प्रवाह दाखविणारा त्याचा पहिला नकाशा निघाला.

प्रथम कोणी विश्वास ठेविला नाही. १८४८ साली जॅक्सन नावाचा एक कप्तान मॉरीच्या नकाशाप्रमाणे बाल्टिमोरहून निघाला आणि ३८ दिवसांत रिओ दी जानेरो येथे पोहोचला. या सफरीस एरवी सुमारे ५५ दिवस लागत! मग मात्र कप्तानांची रीघ लागली. मॉरीने सौदा साधाच ठेविला. नकाशे फुकट मिळतील, मात्र आम्ही दिलेल्या कोऱ्या तक्त्यावर आपल्या सफरीच्या नोंदी भरून पाठवावयाच्या. वेतन नाही, हुकूम नाही, केवळ स्वखुशी. बूच मारलेल्या बाटल्यांत स्थळ व दिवस लिहिलेली चिठ्ठी घालून त्या वाटेत टाकाव्या आणि कोणाची बाटली दिसल्यास उचलून तीही नोंद कळवावी, अशी विनंती त्याने केली होती. अशा रीतीने व्यापारी माल वाहणारी, देवमासे मारणारी, उतारूंची ने-आण करणारी गलबते आपापला धंदा सांभाळून त्याच्यासाठी समुद्र मोजू लागली. ज्यास एका जहाजावर उभे राहवत नव्हते, त्याची माणसे एकाच वेळी सर्व महासागरांवर पहाऱ्यास उभी राहिली, असे म्हणण्यास हरकत नाही.

१८५३ साली मॉरीच्या खटपटीने ब्रुसेल्स येथे दहा सागरी राष्ट्रांची परिषद भरली. ती २३ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंत चालली, आणि बेल्जियमचा विख्यात गणिती केतले हा तिचा अध्यक्ष होता. सर्व राष्ट्रांच्या जहाजांनी एकाच प्रकारच्या तक्त्यावर नोंदी कराव्या, असे तेथे ठरले. तक्त्यातील रकाने पाहण्यासारखे आहेत. स्थळ, प्रवाह, होकायंत्राचा फरक, ढग, वारा, वायुभार, हवेचे उष्णतामान, पृष्ठभागाच्या पाण्याचे उष्णतामान, आणि त्याशिवाय खोल पाण्याच्या उष्णतामानासही एक रकाना होता. व्यापारी कप्तानास सगळे जमणार नाही हे ओळखून त्याच्याकडून थोडक्याच नोंदींची अपेक्षा ठेविली होती. खोल पाण्याचा रकाना बहुधा कोराच राही, आणि त्याचे कारण समजून घेतले पाहिजे.

पृष्ठभागाचे पाणी पाहणे सोपे. बादली सोडावी, पाणी ओढावे, उष्णतामापक बुडवावा. परंतु शेकडो वाव खाली असलेल्या पाण्याची थंडी वर कशी आणावी? १७५१ साली हेन्री एलिस नावाच्या इंग्रज कप्तानाने उत्तर अटलांटिकात हा प्रयोग केला होता. स्टीफन हेल्स या शास्त्रज्ञ पाद्र्याने त्यास एक झडपांची बादली दिली होती. ती खाली जाताना झडपा उघड्या राहत व वर येताना मिटत. पृष्ठभागी पाणी फॅरनहाइटच्या ८४ अंशांचे, तर फार खोलवरचे ५३ अंशांचे आढळले. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या पोटात एवढे थंड पाणी आहे, हे त्यावेळी नवलच होते. एलिसने त्या थंड पाण्याचा स्नानासाठी व मद्य गार करण्यासाठी उपयोग केला. त्याचे जहाज गुलामांच्या व्यापारातले होते, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

शिवाय अशा मापनासाठी जहाज थांबवावे लागे, शिडे आवरावी लागत, मैलभर दोर सोडून पुन्हा ओढण्यात कित्येक तास जात. ज्याच्या मालाची धनी बंदरात वाट पाहत आहे, त्या कप्तानास हे कसे परवडावे? आणखी एक अडचण अशी की, खोल पाण्याचा प्रचंड दाब काचेचा गोळा दाबून पारा वर चढवी, आणि मग उपकरण खऱ्यापेक्षा अधिक उष्णता दाखवी. पुष्कळ दिवस विद्वानही या खोट्या आकड्यांस फसून, महासागराच्या तळाचे पाणी सर्वत्र सेंटिग्रेडच्या चार अंशांचे असते असे मानीत. दाबापासून संरक्षण केलेला उष्णतामापक १८६९ च्या सुमारास, आणि खोलीवर उलटा होऊन आपले माप कायम ठेवणारा १८७४ साली आला. तोवर मॉरीचा काळ संपला होता.

त्याच्या हाताखालील ब्रूक या तरुणाने समुद्राची खोली मोजण्याची युक्ती मात्र काढली होती. दोरास तोफेचा गोळा लावावयाचा. तळास टेकताच गोळा सुटून तेथेच राही आणि तळाची माती घेऊन हलका दांडा वर येई. अशा मापनांवरून १८५४ साली मॉरीने उत्तर अटलांटिकाच्या तळाचा नकाशा केला. समुद्रातून तारायंत्राची तार टाकू पाहणाऱ्यांस तो उपयोगी पडला. १८५५ साली ‘सागराचा प्राकृतिक भूगोल’ या विषयावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला व त्याच्या अनेक आवृत्त्या खपल्या. या ग्रंथातील पुष्कळ उपपत्ती आज टिकत नाहीत. उत्तर ध्रुवाभोवती बर्फ नसलेला मोकळा समुद्र आहे, असे तो मानी. बायबलातील वचने शास्त्रीय विवेचनात गुंफिली म्हणून त्याच्या काळीच शास्त्रज्ञांनी त्यास दोष दिला, आणि तो दोष अगदीच अस्थानी होता असे आम्हांस वाटत नाही.

आता मॉरीच्या आयुष्याचा जो भाग सांगावयाचा तो सुखाचा नाही. गुलामगिरीच्या प्रश्नावर हा बुद्धिमान पुरुष चुकीच्या बाजूस उभा राहिला. दक्षिणेकडील गुलाममालकांनी आपले गुलाम घेऊन ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात वसाहती कराव्या, असा त्याचा विचार होता. १८६१ साली यादवी युद्ध पेटताच त्याने वॉशिंग्टनमधील अधिकारपद सोडले व तो दक्षिणेस मिळाला. ज्याने जहाजांचे मार्ग सुरक्षित केले, त्यानेच जहाजे उडविण्याचे पाणसुरुंग नदीत पेरिले! पुढे तो त्याच कामासाठी इंग्लंडला गेला. त्याचा एक मुलगा १८६३ साली व्हिक्सबर्गजवळ नाहीसा झाला, तो पुन्हा सापडला नाही. १८६४ साली उत्तरेकडील विज्ञानसंस्थेने मॉरीचे नकाशे व मार्गदर्शिका छापणे बंद करावे असा ठराव केला. त्यात शास्त्रापेक्षा रोषाचा भाग किती होता, हे वाचकांनीच ठरवावे. पराभवानंतर तो काही काळ मेक्सिकोच्या बादशहाच्या पदरी राहिला, तेथून पुन्हा इंग्लंडला गेला, आणि १८६८ साली मायदेशी परतून लेक्सिंग्टनच्या लष्करी विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागला. तेथेच १ फेब्रुवारी १८७३ रोजी तो वारला. रिचमंड शहरात १९२९ साली उभारलेला त्याचा पुतळा गुलामगिरीच्या पक्षाचे स्मारक म्हणून जुलै २०२० मध्ये हलविण्यात आला.

पुतळा गेला, पण वह्या राहिल्या. खलाशांनी भरलेले ते आकडे १९९० नंतरच्या काळात संगणकावर उतरविण्यात आले, आणि पृथ्वीच्या हवामानात दीडशे वर्षांत काय पालट झाला हे ताडून पाहताना शास्त्रज्ञ त्यांचा उपयोग करितात. ज्यांनी ते लिहिले त्यांतील बहुतेकांची नावे कोणासही ठाऊक नाहीत.

खोल पाण्याच्या रकान्याची गोष्ट राहिली. चालत्या जहाजावरून तो भरण्याचे साधन १९६० नंतरच्या दशकात निघाले. बंदुकीच्या गोळीसारख्या आकाराची हातभर लांबीची एक नळी समुद्रात सोडतात. तिच्या टोकाशी उष्णता जाणणारा विजेचा कण असतो, आणि केसाहून बारीक तांब्याची तार तिच्या मागे उलगडत जाऊन जहाजाशी तिचा संबंध ठेविते. नळी किती वेळ बुडाली यावरून ती किती खोल गेली याचे गणित करितात. या नळीसाठी जहाज थांबवावे लागत नाही. म्हणून मॉरीच्या काळाप्रमाणेच मालाची व उतारूंची जहाजे स्वखुशीने हे काम करू लागली. गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९० साली चेन्नई ते पोर्ट ब्लेअर आणि पोर्ट ब्लेअर ते कोलकाता या वाटांवर अशी मापने सुरू केली. समुद्राने किती उष्णता आपल्या पोटात साठविली, हे पृष्ठभागाच्या पाण्यावरून कळत नाही. वादळे बळावतात ती याच साठ्यावर, म्हणून बंगालच्या उपसागरात या आकड्यांचे मोल विशेष. नळी सुमारे साडेसातशे मीटर खाली जाते. त्यास दोन मिनिटे पुरतात. मग तार तुटते, नळी तळाकडे जाते, आणि जहाज आपल्या वाटेने चालू लागलेलेच असते.