लार्स ऑन्सागर

लार्स ऑन्सागर (जन्म : क्रिस्तियानिया, आताचे ऑस्लो, २७ नोव्हेंबर १९०३, मृत्यू : कोरल गेबल्स, फ्लोरिडा, ५ ऑक्टोबर १९७६) हे नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. काठीसारखे सूक्ष्म कण परस्परांत आकर्षण नसतानाही एका दिशेत रचले जाऊ शकतात, हे त्यांनी गणिताने दाखवून दिले.

प्रारंभिक जीवन

त्यांचे वडील वकील होते. ट्रॉनहाइम येथील तंत्रशिक्षण संस्थेतून १९२५ साली ते रासायनिक अभियंता झाले. त्याच वर्षी झुरिकला जाऊन त्यांनी पीटर डिबाय यांना त्यांच्या विद्युत् विच्छेद्य द्रावणांच्या सिद्धांतातील उणीव दाखवली. डिबाय यांनी राग न मानता या तरुणाला आपला साहाय्यक नेमले.

अमेरिकेतील कारकीर्द

१९२८ साली ते अमेरिकेस गेले. नवख्या विद्यार्थ्यांना शिकवणे त्यांना साधले नाही, त्यामुळे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील नोकरी लवकरच सुटली. ब्राउन विद्यापीठात असताना १९३१ मध्ये त्यांनी अन्योन्य संबंध मांडले. तापमानातील फरकामुळे होणारे पदार्थाचे वहन आणि संहतीतील फरकामुळे होणारे उष्णतेचे वहन यांत निश्चित समानता असते, असे त्यांचे सूत्र सांगते. मात्र ट्रॉनहाइमच्या संस्थेने हे काम डॉक्टरेटसाठी अपुरे ठरवले. महामंदीत १९३३ साली ब्राउनमधील जागाही गेली. त्यानंतर ते येल विद्यापीठात आले व १९३५ साली तेथे गणिती विषयावरील प्रबंधास डॉक्टरेट मिळाली. १९४४ साली त्यांनी द्विमितीय आयसिंग प्रतिकृतीची अचूक उकल प्रसिद्ध केली.

दंडाकृती कणांचा सिद्धांत

तंबाखूच्या मोझेक रोगाचा विषाणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब व १८ नॅनोमीटर जाड असतो. त्याचे दाट द्रावण आपोआप दोन थरांत विभागते आणि खालच्या थरात विषाणू समांतर राहतात, असे १९३६ साली आढळले होते. १९४९ च्या निबंधात ऑन्सागर यांनी याचे कारण केवळ कणांच्या आकारात शोधले. आडव्यातिडव्या काठ्या एकमेकींची जागा अडवतात. समांतर झाल्यास प्रत्येकीला सरकण्यास अधिक मोकळीक मिळते. दिशेचे स्वातंत्र्य घटते, पण स्थानाचे स्वातंत्र्य वाढते. दाटी पुरेशी झाली की दुसरा लाभ वरचढ ठरतो आणि एन्ट्रॉपी वाढत असतानाच सुव्यवस्था निर्माण होते. लांब व अतिशय बारीक कणांसाठी हा सिद्धांत विशेष अचूक आहे.

या विचारधारेचा विस्तार कलिल पटलांच्या संशोधनात दिसतो. सुमारे ८८० नॅनोमीटर लांबीच्या एफडी विषाणूंच्या द्रावणात डेक्स्ट्रान हे बहुवारिक मिसळले असता विषाणू शेजारीशेजारी उभे राहून एका काठीएवढ्या जाडीचे पटल तयार होते. काठ्या जवळ आल्याने बहुवारिकाच्या रेणूंना जास्त जागा मिळते. असे पटल सपाट राहूनही आतून द्रवासारखे वाहते.

सन्मान व अखेर

ट्रॉनहाइमच्या संस्थेने १९६० साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९६८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना अन्योन्य संबंधांसाठीच मिळाले. १९७२ साली येलमधून निवृत्त झाल्यावर ते मायामी विद्यापीठात अखेरपर्यंत संशोधन करीत राहिले.