बाया कर्वे : संसाराची बाजू

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे नाव ठाऊक नाही अशी भगिनी आपल्यात विरळाच. हिंगण्याचा आश्रम, १९१६ साली निघालेले महिला विद्यापीठ, १९५८ साली मिळालेला भारतरत्न किताब, हे सारे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. पण अण्णा आश्रमासाठी झटत होते तेव्हा त्यांच्या घरची चूल कोण पेटवीत होते, मुलांची आजारपणे कोण काढीत होते, हे फारसे कोणी विचारीत नाही. ते काम आनंदीबाईंचे, म्हणजेच बाया कर्वे यांचे.

बायांचे माहेर देवरुखच्या जोश्यांचे. माहेरचे नाव गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. पुढे भाऊ नरहरपंत यांनी त्यांना मुंबईस नेले. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढले, तेव्हा तेथील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास अण्णांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्यापायी मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला.

१८९६ साली अण्णांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर गेला. अण्णांचा जीव आश्रमात, आणि हाती येईल तो पैसाही तिकडेच. आपल्या विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. पुरुषाने सर्वस्व दिले की जग त्याला त्यागी म्हणते. पण त्या सर्वस्वात बायकोमुलांचा उद्याचा घासही असतो! बायांना त्याची काळजी वाटली, राग आला, आणि तो त्यांनी लपविला नाही. त्यांच्या पदरी शंकर, दिनकर, भास्कर ही तीन मुले, शिवाय अण्णांच्या पहिल्या कुटुंबाचा मुलगा रघुनाथ. घरी येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता होताच.

त्याहून कठीण गोष्ट पुढे आहे. आश्रमात पुनर्विवाहित बाई वावरलेली दिसली तर देणगीदार बिथरतील, म्हणून बायांना आश्रमापासून दूर राहावे लागे. बहीण पार्वतीबाई आठवले विधवाच राहिल्या, त्यांना आश्रमात मान मिळाला. बायांच्या वाट्याला मात्र घर आले. तरी त्या रडत बसल्या नाहीत. संसाराला हातभार लागावा म्हणून नागपुरास जाऊन त्या सुइणीचे काम शिकल्या. पुढे वृत्ती निवळली तशी त्यांनी संस्थेसाठी वर्गणीही गोळा केली.

मुले मार्गी लागली. रघुनाथराव संततिनियमनाच्या कार्यामुळे नावाजले, शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर झाले, दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. हे आपोआप होत नाही. १९४४ साली बायांचे 'माझे पुराण' हे आत्मचरित्र निघाले, म्हणून ही बाजू आपल्याला कळली. १९५० साली त्या वारल्या.

अण्णांची थोरवी याने तसूभरही उणी होत नाही. पण घर सांभाळणारे कोणी नसते, तर अण्णांना निश्चिंतपणे माळावर जाता आले असते काय? आजही कागद भरताना व्यवसायाच्या रकान्यात आपण 'काही नाही' असे लिहून मोकळ्या होतो. भगिनींनो, तेथे निदान 'घर व मुले सांभाळते' एवढे तरी लिहावे. ते खरे आहे, आणि खरे लिहिण्याचा धडा बायांनी घालून दिला आहे.