गुलाम ते वजीर : मलिक अंबर



गुलामगिरी हा शब्द उच्चारला की आपल्याला अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहम लिंकन आठवतो. यादवी युद्ध पेटलेले असताना १ जानेवारी १८६३ रोजी त्याने बंडखोर राज्यांतील निग्रो गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. ती वार्ता पुण्यात जोतिराव फुल्यांच्या काळजाला जाऊन भिडली आणि १८७३ साली त्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. हे तुम्हांला ठाऊकच आहे. परंतु लिंकनच्या अडीचशे वर्षे आधी आपल्याच दख्खनच्या मातीत एका बुडत्या राज्याचे सुकाणू युद्धाच्या ऐन धामधुमीत एका पुरुषाने पंचवीसेक वर्षे धरून ठेवले होते, आणि तो पुरुष स्वतःच विकला गेलेला गुलाम होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? शाळेच्या पुस्तकात त्याला चार ओळी मिळतात. त्याही मराठ्यांचा गनिमी कावा कोठून आला हे सांगण्यापुरत्या.

त्याचे जन्मनाव चापू. सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील हबसाण म्हणजे आजच्या इथिओपियात त्याचा जन्म झाला. कोवळ्या वयात तो विकला गेला. तांबड्या समुद्रावरचे मोखा बंदर, मग बगदाद, असा एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे त्याचा प्रवास झाला. बगदादच्या मीर कासिम या धन्याने त्याला लिहावाचायला आणि हिशेब ठेवायला शिकविले व अंबर हे नाव दिले. पुढे तो समुद्रमार्गे दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही मूळचा हबशी गुलामच. म्हणजे एक गुलाम वजीर झालेला, आणि त्याच्या पदरी दुसरा गुलाम राज्यकारभार जवळून पाहतो आहे!

येथे थोडे थांबू या. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून अस्पृश्यता अधिक वाईट, असा निष्कर्ष काढला होता. गुलाम ही धन्याची मालमत्ता. म्हणून धनी त्याला खायला घालील, हुन्नर शिकवील, मनात आले तर मुक्तही करील. अस्पृश्याला खायला घालण्याची जबाबदारी कोणावर नव्हती, शिकविण्याची तर नव्हतीच, आणि मुक्त करणारा धनीही नव्हता. अंबरचे चरित्र वाचताना हा विचार पानोपानी खरा वाटू लागतो. बाजारात विकल्या गेलेल्या चापूच्या हाती पुस्तक आले. त्याच काळात गावकुसाबाहेर जन्मलेल्या आपल्या पूर्वजांच्या हाती काय होते, ते मी तुम्हांला सांगायला नको.

चंगेजखान १५७५ च्या सुमारास मरण पावला व त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पुढची वीस वर्षे त्याने शिपाईगिरीत काढली. विजापूरकरांची चाकरी केली, तेथेच त्याला मलिक ही पदवी मिळाली. १५९५ च्या सुमारास तो शेदीडशे स्वारांनिशी अहमदनगरच्या चाकरीत परतला तेव्हा राज्यावर मोगलांची धाड आलीच होती. १६०० साली चांदबिबी मारली गेली, किल्ला पडला, सुलतान कैद झाला. सरदार पांगले. राज्य संपले असेच सर्वांनी धरले.

अंबरने धरले नाही. निजामशाही घराण्यातील एक वारस शोधून त्याला परांड्याला मुर्तझा या नावाने गादीवर बसविले व आपली मुलगी त्याला देऊन सोयरिकीची गाठ मारली. राजू दख्खनी नावाचा दुसरा सरदार उरलेल्या मुलखावर हक्क सांगत होता आणि मोगल या दोघांच्या भांडणावर टपून होते. अंबरने राजूला जिंकून ही दुफळी मिटविली. नंतर राजधानी जुन्नरला, तेथून दौलताबादेस नेली. हबशी, दख्खनी मुसलमान, मराठे शिलेदार, ब्राह्मण कारकून, ही सगळी माणसे त्याने एका कामाला जुंपली. मोगलांशी समोरासमोर न भिडता त्यांची रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात नाहीसे व्हायचे, ही त्याची लढाईची तऱ्हा. जहांगीर बादशहा इतका चिडला की अंबरच्या तुटलेल्या शिरावर आपण बाण मारीत आहोत असे चित्रच त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते शिर त्याला कधी मिळाले नाही.

ही एकजूट फुटली तेव्हा मात्र अंबर हरला. १६१६ साली काही मराठे सरदार मोगलांना मिळाले आणि त्याने वसविलेली खडकी शत्रूने जाळली. त्याने तह केले, मुलूख दिला, पुन्हा उठला. १६२४ साली मोगल आणि विजापूरकर दोघेही एक होऊन चालून आले, त्या वेळी तो पंचाहत्तरी ओलांडलेला म्हातारा होता. अहमदनगरजवळ भातवडीला त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, रसद अडविली आणि दोन्ही फौजांचा मोड केला. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले.

लढायांपेक्षा मला त्याची जमीनधाऱ्याची व्यवस्था मोठी वाटते. मक्तेदाराला गाव लिलावाने देण्याची पद्धत त्याने मोडली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविला. आरंभी पिकाचा दोनपंचमांश वाटा, पुढे सुमारे तृतीयांशाइतकी रोख रक्कम, असे जुने महसुली ग्रंथ सांगतात. पीक बुडाले तर साऱ्यात सूट. पुणे परगण्यात दादोजी कोंडदेवांनी पुढे हाच मलिकंबरी धारा चालविला. आज आमच्या मारुंजीत गुंठ्याच्या भावावरून भाऊ भावाशी बोलत नाही. जमिनीची प्रत पिकावरून ठरत होती, हे मुलांना खरेसुद्धा वाटत नाही.

या पाठाच्या वेळी एका मुलीने मला विचारले की, सर, मग त्याने गुलाम सोडले का? मी गप्प झालो. नाही सोडले. स्वतः मुक्त झालेल्या अंबरने आपल्या फौजेत हबशी गुलाम बाळगले. आपल्या जावयाशी बिनसल्यावर १६१० साली त्याला विष घालविले, असे त्याला भेटलेल्या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. आणि त्याच्या धाऱ्याने कुणब्याला दिलासा मिळाला तरी गावगाडा जसाच्या तसा राहिला. पाटील, कुलकर्णी यांची वतने त्याने पक्की केली. महारांच्या गळ्यातला वतनाचा फास कोणी सैल केला नाही. त्यासाठी बाबासाहेबांना १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडावे लागले, आणि ते वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. गुलामाला राज्य मिळाले म्हणजे गुलामगिरी जाते असे नाही, हे त्या मुलीला माझ्याआधी कळले होते.

मे १६२६ मध्ये अंबर वारला, वय ऐंशीच्या घरात. मोगल दरबाराच्या इतिहासकारानेही त्याच्या शिस्तीची आणि युद्धकलेची तारीफ लिहिली. शिवभारतातही त्याच्या पराक्रमाचा गौरव आहे. मुलगा फत्तेखान याला ते राज्य पेलले नाही. १६३३ साली दौलताबाद पडली, १६३६ साली निजामशाही बुडाली.

त्याने १६१० च्या सुमारास वसविलेली खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. १९५० साली बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढले ते याच शहरात, आणि दरवर्षी १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी आपण विद्यापीठाच्या दारी जमतो तेही येथेच. शहरासाठी डोंगरातले पाणी त्याने जमिनीखालच्या नळांतून आणले. त्या नहर-ए-अंबरीने पिढ्यान् पिढ्या शहराची तहान भागविली. त्याची कबर खुलताबादेला आहे. वेरूळची लेणी पाहायला जाणाऱ्या सहलीच्या गाड्या तिच्या जवळून जातात. गेल्या सहलीला आम्ही गाडी थांबविली होती. मुले खाली उतरली, आणि त्या मुलीने घुमटाखाली उभे राहून पुन्हा तोच प्रश्न विचारला.