रस्त्यांच्या अभ्यासाचा पाया घालणारे बॅरिस्टर जयकर

पवनीचा चौरास पट्टा म्हणजे वैनगंगेकाठची काळी, चिकण जमीन. धानाला सोन्यासारखी, रस्त्याला मात्र वैरी! पावसात फुगते, उन्हात भेगाळते, वरचं डांबर उखडतं. अशा मातीत साधारण ३ ते ६ टक्के चुना मिसळून, पाणी मारून रोलर फिरवतात. चुन्यातल्या कॅल्शियममुळे मातीचं फुगणं कमी होतं आणि हळूहळू सिमेंटसारखी पकड येते.

चुना कसा, किती घालायचा याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने दिलेत. आणि ही संस्था उभी राहिली त्यामागे होता एक वकील!

मुकुंदराव जयकर, जन्म १८७३. मुंबई हायकोर्टातले नावाजलेले बॅरिस्टर आणि केंद्रीय कायदेमंडळाचे सदस्य. मोटारी वाढत होत्या, रस्ते मात्र बैलगाडीच्याच काळातले. १९२७ साली सरकारनं रस्ते समिती नेमली आणि अध्यक्ष केलं जयकरांना. समितीचं म्हणणं साधं होतं: पेट्रोलवर जादा कर घ्या, तो रस्त्यांवरच खर्च करा आणि रस्त्यांचा शास्त्रीय अभ्यासही करा. १९२९ मध्ये गॅलनमागे २ आणे कर सुरू झाला. १९३४ मध्ये रोड्स काँग्रेस आली. दिल्लीतल्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेला मात्र १९५२ उजाडलं. तोवर जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले होते. तिथलं जयकर ग्रंथालय सगळ्यांना ठाऊक, त्यांचं रस्त्यांचं काम फार थोड्यांना. १९५९ मध्ये ते गेले.