एका भजनाची कथा : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरी मंगलकार्य असो वा पुण्यतिथी, सायंकाळी खंजिरी निघाली की वंदनीय तुकडोजी महाराजांचे एखादे पद झाल्यावाचून बैठक उठत नाही. झोपडीतील सुखाचे त्यांचे गीत तर लहान मुलांच्याही मुखी आहे. परंतु त्यांच्या एका भजनाचा संबंध आपल्या जिल्ह्याच्या रक्तरंजित इतिहासाशी कसा जडला, हे नव्या पिढीस क्वचितच ठाऊक असते. म्हणून महाराजांचे चरित्र यंदा त्या बाजूने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. पाळण्यातील नाव माणिक, वडील बंडोजी इंगळे, माता मंजुळाबाई. घरच्या दारिद्र्यामुळे शिक्षण तिसऱ्या इयत्तेपलीकडे गेले नाही. आम्हां मास्तर मंडळींनी ध्यानी ठेवावी अशी ही गोष्ट आहे. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. त्यांनी दिलेले तुकड्या हे नावच पुढे प्रत्येक पदाची नाममुद्रा झाले. कोवळ्या वयातच घर सोडून ते सालबर्डी, रामटेक, रामदिघी येथील अरण्यांत राहिले. चिमूर तालुक्यातील गोंदेडा येथेही त्यांनी तपश्चर्या केली व ती गुहा तपोभूमी म्हणून आजही पूज्य मानली जाते. चिमूर परिसराशी त्यांचा जिव्हाळा असा जुना होता. १९३६ साली गांधीजींच्या सहवासात ते सेवाग्रामी राहिले आणि त्यांच्या भजनांत देवाच्या जोडीला देशही आला.

१९४२ चा ऑगस्ट उजाडला. त्या काळी गडचिरोलीचा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. १९८२ साली तो वेगळा जिल्हा झाला. मुंबईस पुढारी पकडले गेल्याची वार्ता येऊन पोहोचली होती. अशा वेळी चिमूरला महाराजांची खंजिरी घुमली. झाडे आणि पाषाणही परकीय सत्तेविरुद्ध उठतील, अशा आशयाचे ते हिंदी पद होते. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरकर रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला; बालाजी रायपूरकर हा कोवळा तरुण हुतात्मा झाला. खवळलेल्या जमावाच्या हातून काही अधिकारी व पोलीस प्राणास मुकले. वाटेवर झाडे आडवी पाडून लोकांनी रस्ते रोखले आणि तीन दिवस चिमूर स्वतंत्र राहिले. नंतर गोरी फौज आली. पुरुषांची धरपकड झाली आणि मागे राहिलेल्या मायभगिनींवर जे अत्याचार झाले, ते या कौटुंबिक स्मरणिकेत सविस्तर लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अनेकांना फाशीची शिक्षा झाली. पुढे मोठ्या लोकलढ्यानंतर तिचे जन्मठेपेत रूपांतर झाले.

भजनामुळेच आग लागली, असे काहीजण म्हणतात. आम्हांस ते पूर्णतः पटत नाही. लोकांच्या मनी संताप आधीच दाटला होता. भजनाने त्यास शब्द आणि ठेका दिला. सरकारने मात्र त्या खंजिरीची धास्ती घेतली. ऑगस्टअखेर महाराजांना चांद्यास अटक झाली आणि सुमारे शंभर दिवस ते नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत होते. गाणाऱ्यास शंभर दिवस आणि ऐकणाऱ्यांस कित्येक वर्षांचा कारावास, हा विषम हिशेब वाचून मन खिन्न होते. महाराजांनाही तो बोचला असावा, असे आम्हांस वाटते.

सुटकेनंतर त्यांनी मोझरीच्या गुरुकुंजातून ग्रामसुधारणेचे कार्य नेटाने चालविले. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेतही त्यांची खंजिरी वाजली. त्यांच्या ग्रामगीतेत लग्नातील उधळपट्टीवर आणि जातीच्या अभिमानावर कठोर प्रहार आहेत. ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र छापताना हे आम्ही झाकून ठेवीत नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांनी देह ठेवला. चिमूरला दरवर्षी १६ ऑगस्टला हुतात्म्यांस अभिवादन होते. त्या दिवशी आपल्या मुलांना एकदा तरी तेथे न्यावे, अशी आमची सभासद कुटुंबांस विनंती आहे.