पक्षिमित्र एटकिन

एडवर्ड हॅमिल्टन एटकिन ह्यांचा जन्म ता. १६ ऑगस्ट १८५१ रोजीं सातारा येथें झाला. त्यांचे वडील स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते. मुंबई व पुणें येथें शिक्षण संपविल्यावर एटकिन ह्यांनीं डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकविलें, व १८७६ सालीं ते जकात व मीठ खात्यांत शिरले. ह्या नोकरीमुळें आपल्या पनवेलशेजारच्या उरणास, तसेंच रत्नागिरी व उत्तर कानड्यांत त्यांचें वास्तव्य घडलें.

मिठागरांवर देखरेख करणें हें काम रुक्ष खरें. परंतु ज्याची दृष्टि जागी आहे त्यास खाडीचा कांठ हीच शाळा होय. १८८३ सालीं मुंबईंत आठ गृहस्थांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत एटकिन एक होते. ‘ई. एच. ए.’ ह्या आद्याक्षरांनीं लिहिलेल्या विनोदी पुस्तकांतून त्यांनीं घराभोंवतालच्या प्राण्यांशीं वाचकांची ओळख करून दिली. १९०० सालीं मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरील त्यांचें पुस्तक निघालें. ज्यांस लोक अमंगळ मानीत, त्या गिधाडांसही त्यांत स्थान मिळालें. १९०९ सालीं एडिंबरो येथें ते निवर्तले.

हे शिकारी व मृतभक्षक पक्षी केवढी सेवा करितात! गिधाडें मेलेलीं गुरें खाऊन घाण दूर करितात. कोंकणच्या किनाऱ्यावरील समुद्रगरुड उंच झाडावर घरटें बांधतो व मासे आणि समुद्रसर्प ह्यांवर निर्वाह करितो. त्याचाच भाऊबंद अमेरिकेंतील पांढऱ्या डोक्याचा गरुड. नद्या, सरोवरें व समुद्र ह्यांच्या कांठीं तो राहतो. मासे मारतो, तसेंच मेलेलेही खातो. डी. डी. टी. हें कीटकनाशक माशांवाटे त्याच्या पोटांत गेलें, अंड्यांचीं कवचें पातळ झालीं व त्याची संख्या फार घटली. १९७२ सालीं तेथें बंदी झाल्यावर तो पुन्हां वाढला.

आपल्या गिधाडांवर तसाच प्रसंग ओढवला. गुरांस दिलेलें डायक्लोफेनॅक हें औषध मृत गुरांच्या मांसांतून त्यांच्या पोटांत गेलें व त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शंभरांत एकही मुश्किलीनें उरलें. २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. तथापि नष्ट झालेले थवे अद्यापि परतले नाहींत.

एटकिन ह्यांनीं ज्यांस सामान्य म्हणून नोंदविलें, तेच आज दुर्मिळ झाले! विद्यार्थिमित्रहो, कर्नाळ्याचें अभयारण्य आपल्या दाराशीं आहे. रोजच्या पांखरांस नांवानें ओळखावयास शिका. ज्यास आपण ओळखीत नाहीं, तो नाहींसा झाला तरी आपणांस कळत नाहीं. देवाच्या सृष्टींत निरुपयोगी असा जीव नाहीं, हाच ह्या चरित्राचा बोध होय.