दक्षिण ध्रुवाची शर्यत

पृथ्वीच्या अगदी तळाशी, जेथे चोहोंकडे पाहिले तरी बर्फावाचून काही दिसत नाही, तेथे अमेरिकेचे एक संशोधन-केंद्र आहे. १९५७ सालापासून तेथे बारा महिने माणसांची वस्ती असते. नाताळच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, केंद्रातील शास्त्रज्ञ व कामगार मिळून एक गमतीची शर्यत धावतात. ध्रुवाभोवती एक फेरी मारली की सगळी रेखावृत्ते ओलांडली जातात. तेव्हा ती पृथ्वीप्रदक्षिणाच झाली! उन्हाळा असला तरी उष्णतामान शून्याखाली वीस-पंचवीस अंश असते. पण धावणाऱ्याला हुडहुडी भरली, तर जवळच उबदार घर असते.

या केंद्राला दोन माणसांची नावे दिलेली आहेत : अमुंडसेन आणि स्कॉट. याच ठिकाणी प्रथम पोहोचण्यासाठी त्या दोघांची जी शर्यत झाली, ती शेकडो कोसांची होती आणि तिच्या वाटेवर एकही घर नव्हते. त्या शर्यतीत पहिल्या आलेल्या रोआल्ड अमुंडसेनची ही कथा आहे.

रोआल्डचा जन्म १६ जुलै १८७२ रोजी नॉर्वे देशात झाला. त्याचे वडील जहाजांचे मालक व कप्तान होते. रोआल्ड चौदा वर्षांचा असताना ते वारले. घरातील एक तरी मुलगा समुद्रापासून दूर राहावा आणि डॉक्टर व्हावा, अशी आईची फार इच्छा होती. रोआल्डने तिला तसा शब्द दिला. परंतु त्याचे मन मात्र पुस्तकांत वाचलेल्या उत्तर ध्रुवाच्या प्रदेशात भटकत असे. सर जॉन फ्रँकलिन हा इंग्रज दर्यावर्दी १८४५ साली उत्तरेच्या बर्फात गेला आणि आपल्या सर्व सोबत्यांसह तेथेच नाहीसा झाला. ही हकीकत वाचून दुसरा एखादा मुलगा घाबरला असता. रोआल्डने कडाक्याच्या थंडीत रात्री खिडक्या सताड उघड्या टाकून झोपण्यास आरंभ केला! आपल्याला ताजी हवा आवडते, असे तो आईला सांगे. १८८९ साली फ्रित्यॉफ नान्सेन ग्रीनलंडचा बर्फाळ प्रदेश ओलांडून मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या स्वागताला लोटलेल्या गर्दीत हा सोळा वर्षांचा मुलगाही होता. चार वर्षांनी आई वारली आणि रोआल्डने वैद्यकाच्या पुस्तकांचा कायमचा निरोप घेतला.

नॉर्वेमध्ये स्की म्हणजे पायांना बांधावयाच्या लांब लाकडी पट्ट्या. त्यांवरून बर्फात घसरत चालण्याची कला तेथील मुले लहानपणीच शिकतात. आपण त्या कलेत पुरते तरबेज आहो, अशी रोआल्डची समजूत होती. १८९६ च्या जानेवारीत तो आपला भाऊ लिऑन याच्याबरोबर हार्डांगरचे उजाड पठार ओलांडावयास निघाला. सोबत शिधा थोडा होता. वादळाने दोघांना गाठले आणि वाट चुकली. एका रात्री रोआल्ड बर्फात खळगा करून त्यात झोपला. सकाळी पाहतो तो वरचे बर्फ गोठून घट्ट झालेले आणि आपण आत जणू चिणले गेलेले! भावाने खणून बाहेर काढले म्हणून तो वाचला. बर्फाशी गाठ घालावयाची तर नुसते धाडस उपयोगी नाही, हा धडा त्याला घराजवळच मिळाला.

पुढल्याच वर्षी ‘बेल्जिका’ या जहाजावर अधिकारी म्हणून तो दक्षिणेकडे गेला. ते जहाज वर्षाहून अधिक काळ बर्फात अडकून पडले. डब्यांतील अन्न खाऊन खलाशांना स्कर्व्ही रोग जडला. सील व पेंग्विन यांचे ताजे मांस खा, असे डॉक्टर कुक परोपरीने सांगत होते. परंतु कप्तानाला त्याची किळस येई. अखेर सर्वांनी ते मांस खाल्ले आणि रोगाला उतार पडला. हे अमुंडसेनने मनात नीट टिपून ठेवले.

त्याचे स्वतःचे पहिले जहाज ‘योआ’ हे जुने व लहानसे होते. १९०३ च्या जून महिन्यात एका रात्री, सावकारांच्या हाती सापडू नये म्हणून, सहा सोबत्यांसह तो गुपचूप बंदराबाहेर पडला. अमेरिकेच्या उत्तरेकडून अटलांटिक महासागरातून पॅसिफिक महासागरात जाणारा जलमार्ग शोधावयाचा होता. याच मार्गाच्या शोधात फ्रँकलिनचा अंत झाला होता. तीन वर्षांनी, १९०६ साली, अमुंडसेनचे जहाज अलास्काच्या किनाऱ्यावरील नोम गावी पोहोचले, आणि चारशे वर्षे दर्यावर्दींना चकविणारा तो मार्ग प्रथमच एका जहाजाने आक्रमिला.

या प्रवासात त्याने दोन हिवाळे किंग विल्यम बेटावर काढले. तेथे नेत्सिलिक नावाचे इन्युइट लोक राहतात. त्या काळी युरोपातले बहुतेक लोक त्यांना रानटी समजत. अमुंडसेन मात्र विद्यार्थी होऊन त्यांच्याजवळ बसला. रेनडियरच्या कातड्याचे सैल कपडे घातले म्हणजे आत घाम साचत नाही. साचलेला घाम गोठतो आणि माणसाचा घात करतो, हे त्याला त्यांच्याकडून कळले. बर्फाचे घर कसे बांधावे, घसरगाडीला कुत्रे कसे जुंपावे, हे तो शिकला. आणखी एक गोष्ट त्याने पाहिली. हे लोक थंडीत कधी घाई करीत नाहीत. बेताने चालतात, बेताने काम करतात, अंगाला घाम येऊ देत नाहीत. पुढे एकदा तो हे विसरला, ते येईलच.

उत्तर ध्रुवावर प्रथम आपण पाऊल ठेवावे, ही त्याची लहानपणापासूनची आकांक्षा होती. त्यासाठी नान्सेनने आपले ‘फ्राम’ हे मजबूत जहाज त्याला दिले. तयारी चालू असतानाच, १९०९ च्या सप्टेंबरात, कुक व पीअरी हे दोघे अमेरिकन उत्तर ध्रुवावर जाऊन आल्याचे सांगू लागले. अमुंडसेनची आकांक्षा धुळीस मिळाली. तेव्हा त्याने मनोमन दिशाच बदलली. उत्तर ध्रुव नाही तर दक्षिण ध्रुव! परंतु हा बेत त्याने भाऊ लिऑन व अगदी मोजके सहकारी यांखेरीज कोणालाही कळू दिला नाही. ज्याने जहाज दिले त्या नान्सेनलाही नाही. इंग्लंडचा कप्तान रॉबर्ट स्कॉट दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर उघडपणे निघाला होता. १९१० च्या सप्टेंबरात मदिरा बेटापाशी अमुंडसेनने खलाशांना नकाशा दाखविला आणि येणार का, असे एकेकाला विचारले. सर्वांनी होकार दिला. स्कॉटला तारेने कळविण्याची व्यवस्थाही त्याने केली. ती तार त्याला मेलबर्न येथे मिळाली. आपल्याला एक प्रतिस्पर्धी आहे, हे स्कॉटला तेव्हा समजले. या लपवाछपवीचा ठपका अमुंडसेनवर जन्मभर राहिला, आणि तो अगदी अन्यायाचा होता असे म्हणता येत नाही.

१९११ च्या जानेवारीत ‘फ्राम’ दक्षिणेच्या व्हेल उपसागरात पोहोचले. जहाजातून आणलेले लाकडी घर बर्फावर उभारण्यात आले. त्याचे नाव ‘फ्रामहाइम’, म्हणजे फ्रामचे घर. तेथून ध्रुव सरळ रेषेत सुमारे १,२८० किलोमीटर दूर होता. मुंबईहून दिल्लीपर्यंत बर्फातून पायी जावे आणि तसेच परत यावे, अशी ही मजल होती. घरात नऊ माणसे व घराभोवती शंभराहून अधिक कुत्रे होते. स्कॉटचा तळ शेकडो किलोमीटर पश्चिमेस होता. त्याच्याजवळ तट्टे होती आणि बर्फावर चालणाऱ्या यांत्रिक गाड्याही होत्या.

हिवाळ्यापूर्वी अमुंडसेनने ध्रुवाच्या वाटेवर ८०, ८१ व ८२ अक्षांशांवर अन्नाचे साठे ठेवले. धुक्यात साठा सापडला नाही तर? म्हणून साठ्याच्या दोन्ही बाजूंस दूरवर निशाणांची रांग रोवली आणि प्रत्येक निशाणावर आकडा घातला. वाट चुकलेल्या माणसाने निशाण पाहावे आणि साठा कोणत्या बाजूस किती दूर आहे, हे ओळखावे. मग चार महिन्यांची रात्र सुरू झाली. बर्फाच्या पोटात खोल्या खोदून त्यांत कामे चालली. ब्यालँड हा स्कीच्या शर्यतींतला नामांकित खेळाडू हाताचा मोठा कुशल सुतार होता. त्याने जड घसरगाड्या तासून तासून त्यांचे वजन पूर्वीच्या सुमारे एक-तृतीयांश केले.

इतकी तयारी केलेला माणूस एका विचाराने मात्र अस्वस्थ होता. स्कॉटच्या यांत्रिक गाड्या निघाल्या तर नसतील ना? सूर्य दिसू लागताच त्याला धीर धरवेना. अजून थंडी फार आहे, असे अनुभवी यालमार योहानसेनचे मत होते. हा योहानसेन पूर्वी नान्सेनबरोबर उत्तरेच्या बर्फात चालून आलेला. त्याचे न ऐकता ८ सप्टेंबर रोजी आठ माणसे निघाली. उष्णतामान शून्याखाली ५६ अंशांपर्यंत उतरले. होकायंत्रातील द्रव गोठला, कुत्रे पडू लागले, माणसांच्या टाचा हिमदंशाने बधिर झाल्या. शेवटी ८० अक्षांशावर सामान टाकून सर्व माघारी वळले. परतीच्या अखेरच्या दिवशी जो तो घराकडे पळत सुटला. अमुंडसेन स्वतः दोघांसह पुढे निघून गेला. मागे राहिलेल्या प्रेस्ट्रूडचे पाय गोठले होते. योहानसेनने त्याला सोडले नाही. जवळ अन्न नाही, चूल नाही. अशा स्थितीत अंधारातून त्याला घेऊन तो मध्यरात्रीनंतर घरी पोहोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी योहानसेनने सर्वांसमक्ष अमुंडसेनला दोष दिला. पुढाऱ्याने आपली माणसे मागे टाकून जाऊ नये, हे त्याचे म्हणणे खरेच होते. अमुंडसेनला ते झोंबले. त्याने योहानसेनला ध्रुवाच्या तुकडीतून काढून दुसऱ्या कामगिरीवर धाडले. त्या दोघांची मने पुन्हा कधी जुळली नाहीत. परंतु घाईचे फळ काय असते, हे अमुंडसेनला कळून चुकले होते.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा निघाला. बरोबर ब्यालँड, हासेल, हान्सेन व विस्टिंग हे चौघे, चार घसरगाड्या आणि बावन्न कुत्रे. आता चाल ठरलेली होती. दिवसाला सुमारे २८ किलोमीटर चालावयाचे. ते अंतर पाच-सहा तासांत संपे. मग तंबू ठोकून माणसांनी व कुत्र्यांनी विसावा घ्यावयाचा. हवा छान आहे म्हणून फार पुढे जावयाचे नाही. वाटेत ठिकठिकाणी बर्फाचे उंच बुरूज रचून परतीची खूण केली जाई. वाटेतल्या पर्वतांतून वर चढणारी हिमनदी कोणीही पूर्वी पाहिलेली नव्हती. खोल भेगा टाळीत ते चार दिवसांत पठारावर पोहोचले.

येथे एक क्रूर काम उरले होते. ओझे कमी झाले होते, आणि राहिलेल्या कुत्र्यांना व माणसांना अन्न हवे होते. आधीच ठरल्याप्रमाणे चोवीस कुत्रे गोळ्या घालून मारण्यात आले. त्या वेळी अमुंडसेन तंबूत स्वयंपाकाच्या स्टोव्हला जोरजोराने पंप मारीत बसला होता. बंदुकीचे आवाज कानांवर येऊ नयेत, एवढ्यासाठी! ज्यांनी गाड्या वर आणल्या त्यांनाच मारावे लागले, याचे दुःख त्या रात्री सर्वांनाच झाले.

१४ डिसेंबर १९११ रोजी दुपारी तीनच्या सुमारास गाड्या थांबल्या. समोर पांढरे मैदान होते. कोणाच्याही पावलाची खूण नव्हती. निशाण रोवताना अमुंडसेनने एकट्याने हात लावला नाही. थंडीने फुटलेले पाच हात त्या काठीवर एकदम पडले. लहानपणापासून उत्तर ध्रुवाचा ध्यास घेतलेला हा माणूस नेमका विरुद्ध टोकावर उभा होता, आणि हे त्याच्याही मनात आले. मापनात चूक राहू नये म्हणून तिघे जण तीन दिशांना सुमारे वीस किलोमीटर जाऊन खुणा करून आले. मग एक लहान तंबू उभारून त्यात नॉर्वेच्या राजासाठी एक पत्र ठेवले, आणि ते पोचविण्याची विनंती करणारी चिठ्ठी स्कॉटसाठी ठेवली. आपण परतीच्या वाटेवर मेलो, तर ही वार्ता जगाला कळावी, हा हेतू.

२५ जानेवारी १९१२ रोजी पहाटे पाचही जण सुखरूप फ्रामहाइमला पोहोचले. प्रवासाला नव्व्याण्णव दिवस लागले होते. अकरा कुत्रे उरले होते. घरातली माणसे गाढ झोपेत होती. त्यांना उठवून सर्वांनी कॉफी घेतली.

स्कॉट व त्याचे चार सोबती १७ जानेवारीस ध्रुवावर पोहोचले होते. तेथे नॉर्वेचे निशाण त्यांच्या आधी फडकत होते. गाड्या स्वतः ओढीत परतताना, थंडी व उपासमार यांनी ते पाचही जण मरण पावले. काही महिन्यांनी त्यांचा तंबू सापडला, तेव्हा वाटेत गोळा केलेले दगडांचे नमुने त्यांच्यापाशी होते. आणि अमुंडसेनचे पत्रही होते. आपल्या पराभवाचा तो पुरावा स्कॉटने शेवटपर्यंत जपला होता. ही वार्ता पुढच्या वर्षी जगात पसरली आणि अमुंडसेनच्या विजयाचा आनंद झाकोळून गेला. तो जेथे जाई तेथे लोक त्याच्या तोंडून स्कॉटविषयी ऐकू इच्छीत.

पुढील वर्षे त्याला सुखाची गेली नाहीत. कर्ज वाढले, स्नेही दुरावले, भाऊ लिऑनशीही वितुष्ट आले. तरी १९२६ च्या मे महिन्यात ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून त्याने उत्तर ध्रुव ओलांडला. ते जहाज इटलीच्या उंबेर्तो नोबिलेने बांधलेले व चालविलेले होते. श्रेय कोणाचे, यावरून त्या दोघांत मोठे भांडण झाले.

दोन वर्षांनी नोबिलेचे दुसरे हवाई जहाज उत्तरेच्या बर्फावर कोसळल्याची बातमी आली. अमुंडसेन आता पंचावन्न वर्षांचा होता. ज्याच्याशी बोलणे तुटले होते, त्याच्या शोधासाठी तो ताबडतोब तयार झाला. १८ जून १९२८ रोजी पाच सोबत्यांसह त्याच्या विमानाने ट्रॉम्सो गाव सोडले. थोड्याच दिवसांनी नोबिलेला एका स्वीडिश वैमानिकाने वाचविले. ऑगस्टच्या अखेरीस नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ मासेमारांना पाण्यावर तरंगणारी एक वस्तू दिसली. ती अमुंडसेनच्या विमानाच्या पंखाखालची तरती पेटी होती. विमान व त्यातील माणसे मात्र कधीच सापडली नाहीत.